हुसेनबीच्या घरचं विरजण

भागवतराव बिरादार यांना आपण जाड का आहोत याचं कारण श्रावणातल्या एका सकाळी संडासात बसल्या बसल्या मोबाइलवरच्या एका व्हिडिओत सापडलं. तोवर त्यांनी या बाबतीत बऱ्याच जणांवर संशय घेऊन पाहिला होता. थायरॉइड, कचेरीतली खुर्ची, आजोळाकडची रुंद हाडं, लातूरचं जड पाणी अशी सगळ्यांची नावं येऊन गेली होती. ताटाचं नाव तेवढं कधी आलं नव्हतं.

ते तसेच बाहेर आले आणि स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून बायकोला म्हणाले, "शिल्पा, माझा यात काही दोष न्हाई."

शिल्पाताईंचा कणकेतला हात थांबला. भागवतराव सरकारी नोकरीत कक्ष अधिकारी होते, आणि सरकारी नोकरीतल्या नवऱ्यानं सकाळी सकाळी स्वतःहून निर्दोष असल्याचं सांगितलं की कुठल्याही बायकोच्या डोळ्यांसमोर निलंबनाचा कागद येतो.

"चौकशी लागली का काय?" त्यांनी हळूच विचारलं.

"चौकशी न्हाई ओ. जंतू," भागवतराव म्हणाले.

मग त्यांनी उभ्या उभ्याच सगळं समजावून सांगितलं. माणसाच्या आतड्यात कोट्यवधी जंतू राहतात. जाड उंदराच्या पोटातले वेगळे आणि बारीक उंदराच्या पोटातले वेगळे. शास्त्रज्ञांनी जाड उंदराचे जंतू बारकाच्या पोटात सोडले, तर तो बारका तेवढंच खाऊन जाड झाला. म्हणजे खाण्याचा काही संबंधच नाही, सगळा कारभार जंतूंचा. व्हिडिओचा दुसरा अर्धा भाग त्या जंतूंना नीट ठेवायचं तर आपण काय खावं याबद्दल होता. तो भागवतरावांनी पाहिला नव्हता, कारण पहिल्याच भागात त्यांचं पूर्ण समाधान झालं होतं.

त्यांना हे कारण सापडायची फार गरज होती. आठच दिवसांपूर्वी त्यांच्या डॉक्टरांनी रिपोर्ट बघून सांगितलं होतं की दिवाळीनंतरच्या तपासणीत साखर उतरली नाही तर इन्सुलिन सुरू करावं लागेल. भागवतरावांना सुईची भीती होतीच, पण सुईपेक्षा गल्लीची जास्त होती. प्रगती कॉलनीतल्या त्यांच्या गल्लीत साखरेचे पेशंट पुष्कळ, आणि त्या सगळ्यांना कट्ट्यावर बसून उपदेश करण्याचं काम वर्षानुवर्षं त्यांच्याकडे होतं. ज्याचा जिभेवर ताबा नाही त्यालाच सुई लागते, सुई लागली की माणूस संपला, असं ते गोळी गिळता गिळता सांगायचे. असल्या माणसाला सुई लागली तर त्यानं कट्ट्यावर कुठल्या तोंडानं बसायचं?

तेव्हा बारीक माणसाचे जंतू मिळवायचे असं ठरलं. उंदरांच्या बाबतीत ते कोणत्या मार्गानं मिळवले हे व्हिडिओत स्वच्छ सांगितलेलं होतं, पण तो मार्ग शिल्पाताईंच्या स्वयंपाकघरातून जाणारा नव्हता. भागवतरावांनी त्यावर आपल्या डोक्यानं तोडगा काढला. दही म्हणजे जंतूच. ज्या घरचं विरजण, त्या घरचे जंतू. बारीक माणसाच्या घरचं विरजण आणून आपल्या दुधाला लावलं की काम झालं. सरकारी भाषेत बोलायचं तर पोटातले जुने जंतू कार्यमुक्त होणार आणि नवे रुजू होणार.

गल्लीत सगळ्यात बारीक माणूस शोधायला कुठं लांब जायचं नव्हतं. टोकाच्या पत्र्याच्या घरात खाजामियाँ राहायचे. नळजोडणीची कामं करायचे आणि घरोघरच्या गच्चीवरच्या टाक्या आत उतरून घासून द्यायचे. टाकीच्या तोंडातून आत जाईल असा मोठा माणूस अख्ख्या कॉलनीत तो एकच होता. बायको हुसेनबी काटकुळी, मुलगा आसिफ काटकुळा. एका लग्नात खाजामियाँनी एका बैठकीत केवढं जेवण हाणलं होतं हे भागवतरावांनी स्वतः पाहिलेलं, आणि तरी अंगाला काही लागलं नव्हतं. हा माणूस दिवसभर खांद्यावर पाइप घेऊन लोकांचे जिने चढतो आणि काम नसलेल्या दिवशी त्याच्याकडे चूल एकदाच पेटते, ही बाब विचारात घ्यावी असं त्यांना वाटलं नाही.

अडचण घरातच निघाली. भागवतरावांच्या आई विठाबाई यांनी उभ्या जन्मात त्या घरचं पाणी घेतलं नव्हतं. खाजामियाँ टाकी धुवायला आले की त्यांच्यासाठी खिडकीतला वेगळा कप निघायचा, आणि तो कप वेगळा आहे हे सगळ्यांना माहीत असून कुणाला माहीत नसल्यासारखं चालायचं. विठाबाई म्हणाल्या, "भागू, त्यांच्या घरचं दही आपल्या दुधात घालतूस?"

भागवतरावांनी जंतूंना जात नसते असं सांगून पाहिलं. ते विठाबाईंना पटलं नाही. मग त्यांनी दूध तर आपल्याच गवळ्याचं असतं याची आठवण करून दिली. ते पटलं. एवढा मोठा प्रश्न असा एका गवळ्यानं सोडवला. विठाबाईंची एकच अट होती, विरजण आपल्या वाटीत आणायचं. पण भागवतराव म्हणाले की वाटी हुसेनबीच्याच घरची पाहिजे, कारण जंतू भांड्यालाही चिकटलेले असतात.

ही वाटीच पुढं सगळ्याला कारण झाली.

हुसेनबीनं काही न विचारता आपल्या वाटीत चमचाभर दही दिलं. आता दुसऱ्याच्या घरचं भांडं रिकामं परत पाठवायचं नाही, ही रीत मराठवाड्यात लहान पोरांनाही माहीत असते. बाकीच्या घरांतून अशा वाटीत चिमूटभर साखर किंवा दोन शेंगदाणे जातात. शिल्पाताईंचा हात तसा नव्हता. त्यांनी वाटीभर शिरा पाठवला, वर तुपाचा थर. शिरा आला म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी हुसेनबीनं विरजणासाठी मोठी वाटी काढली. विरजण रोज ताजं लागायचं, कारण एकदा आपल्या दुधात पडलं की दुसऱ्या दिवशी ते आपल्या वळणावर जातं, असं भागवतरावांचं म्हणणं होतं. म्हणून रोज वाटी यायची आणि रोज भरून जायची.

इकडे भागवतराव दोन वेळा पातेलंभर दही खाऊ लागले. दही आंबट लागतं म्हणून त्यात साखर. नवे जंतू रुजू झालेच आहेत तर त्यांना काम हवं म्हणून सोबत पुऱ्या. शिल्पाताई काही बोलायला गेल्या की ते म्हणायचे, "आता खाणारा मी न्हाई. वर्ग करून दिलंय सगळं खाली."

असली गोष्ट गल्लीत लपत नाही. समोरचे बसलिंगप्पा कापड दुकानदार होते, गल्ल्यावर बसून बसून तेही गल्ल्याएवढे रुंद झालेले. त्यांनी दुसऱ्याच आठवड्यात वाटी मागवली. मग निवृत्त शिक्षक दयानंद गुरुजींनी मागवली. मग जिच्या घरी कुणीच जाड नव्हतं त्या बाईनंही मागवली, कारण सगळे मागवत होते. ज्या बायका हुसेनबीला दारातून पुढं येऊ देत नव्हत्या त्या सकाळी तिच्या दारात उभ्या राहून आपली पाळी येण्याची वाट बघू लागल्या. दिवेलागणीनंतर विरजण देत नाहीत म्हणून संध्याकाळी तर घाईच उडायची. दूध लोकच आणून देत होते, हुसेनबी फक्त त्याला विरजण लावून द्यायची. तिनं एकदा शिल्पाताईंना विचारलं, "भाभी, तुमच्या घरचं दही बिघडलं का काय, रोज कामून नेऊन राहिलात?" शिल्पाताई म्हणाल्या की यांना तुमच्या हातचं आवडतं. खरं कारण सांगायची त्यांना लाज वाटली, आणि ती वाटायलाच हवी होती.

वाट्या परत यायच्या त्या भरूनच. श्रावण, गणपती, महालक्ष्म्या, दसरा, सण काही थांबले नव्हते. पुरणपोळ्या, सांज्याच्या पोळ्या, शेंगदाण्याच्या पोळ्या, करंज्या, बुंदी असं सगळं त्या पत्र्याच्या घराकडे चाललं होतं. हुसेनबीच्या घरी फ्रिज नव्हता आणि अन्न टाकणं पाप आहे असं खाजामियाँचं ठाम मत होतं. आसिफचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान, तो बाहेरच काहीतरी खायचा. त्यामुळे अन्न न टाकण्याची सगळी जबाबदारी खाजामियाँवर पडली, आणि त्यांनी ती कुरकुर न करता उचलली. घरी तयार मिळतंय म्हटल्यावर ते लांबची कामंही घेईनासे झाले. दसऱ्यापर्यंत त्यांचे गाल भरले. दिवाळीत त्यांनी नवा सदरा शिवला, कारण जुन्याची बटणं लागत नव्हती.

गल्लीला काळजी वाटायला लागली. ज्याचं विरजण खाऊन आपण बारीक व्हायचं तोच सुटत चालला, हे काही बरं लक्षण नव्हतं. बसलिंगप्पांनी तसं बोलून दाखवलं. त्यावर भागवतरावांनी कट्ट्यावर बसून खुलासा केला की यात घाबरण्यासारखं काही नाही, उलट हा पुरावा आहे. वाट्या दोन्हीकडून जातात. मियाँचे जंतू आपल्याकडे आले, मग आपले कुठं जाणार? ते मियाँकडे रुजू झाले. सरळ आपसी बदली आहे. शिकलेसवरलेले लोक माना डोलावून हे ऐकत होते. दयानंद गुरुजींनी तर आयुष्यभर विज्ञान शिकवलं होतं.

दिवाळीनंतरचा रिपोर्ट आला. साखर उतरली नव्हती, भलतीच चढली होती. भागवतरावांनी तो रिपोर्ट लातूरच्या डॉक्टरांना दाखवलाच नाही. कचेरीच्या कामानं नांदेडला जायचं आहे असं घरी सांगून ते नांदेडला गेले. तिथं त्यांना कुणी ओळखत नव्हतं आणि तिथला डॉक्टर जरा मवाळ निघेल अशी आशा होती. डॉ. संघपाल तरुण होते, किनवटकडचे, आणि त्यांच्या दवाखान्यात गर्दी फार होती. त्यांनी जंतूंची हकिगत शेवटपर्यंत ऐकून घेतली.

"जंतूंचं खरं आहे," ते म्हणाले. "ते आहेत, आणि वजनाशी, साखरेशी त्यांचा संबंध आहे. पण त्यांना जेवायला कोण घालतं? ज्वारी, डाळी, पालेभाज्या घातल्या तर कामाचे जंतू वाढतात. तुम्ही साखर आणि मैदा घालता, मग दुसरे वाढतात. आणि दह्यातले जंतू पाहुणे असतात हो. आले, राहिले, गेले. त्यांच्या नावावर घर करून देता येत नाही."

भागवतरावांनी यातलं पहिलं वाक्य तेवढं नीट ऐकलं. बाकीचं त्यांना ऐकू येईना, कारण तोवर डॉक्टरांनी इन्सुलिनचं पेन टेबलावर ठेवलं होतं. पोटावर कुठं टोचायचं ते नर्सनं दाखवलं. टोचल्यावर अर्ध्या तासात जेवायलाच पाहिजे, नाहीतर साखर एकदम खाली जाईल, चक्कर येईल, असं दोनदा बजावलं. परतीच्या गाडीत भागवतरावांना खरोखर रडू आलं.

पेन फ्रिजमध्ये ठेवावं लागतं म्हणून ते शिल्पाताईंना सांगावंच लागलं. कुणाला सांगायचं नाही अशी पोराबाळांची शपथ त्यांना घातली गेली. पेन मेथीच्या पिशवीखाली गेलं. रोज सकाळी भागवतराव न्हाणीघरात नळ सोडून, दात खाऊन टोचून घ्यायचे आणि बाहेर येऊन लगेच न्याहारीला बसायचे.

औषधच ते, गुण आला. महिनाभरात साखर उतरली. भागवतराव तो रिपोर्ट घेऊन कट्ट्यावर गेले आणि हातोहात फिरवला. कुणीतरी भीत भीत म्हणालं की साहेब, वजन मात्र थोडं वाढल्यासारखं दिसतं. भागवतरावांनी सांगितलं की वजन बघणं ही जुनी पद्धत झाली, आता जग आतलं बघतं. सगळं श्रेय दह्याला देऊन ते घरी आले तेव्हा शिल्पाताईंनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

मग त्यांची कीर्ती वाढली. ज्येष्ठ नागरिक मंडळात त्यांचं भाषण झालं, सत्कार झाला. सुईवाचून साखर जिंकलेला माणूस म्हणून लोक बोट दाखवू लागले. अंगात आलेल्या उत्साहात त्यांनी घरातली साखर बंद केल्याचं जाहीर केलं, आणि ते पाहून गल्लीतल्या एकेकानं तसंच जाहीर केलं. पण घरात आधीच भरलेली साखर टाकून कोण देणार? ती लाडू-वड्या होऊन हुसेनबीच्या वाट्यांतून जाऊ लागली. अख्ख्या गल्लीनं सोडलेली साखर अशी एकाच माणसाच्या पोटात गेली. संक्रांतीच्या सुमारास खाजामियाँना बाजेवरून उठताना हात द्यावा लागायचा.

अशातच भागवतरावांच्या मनात आलं की आपल्या गच्चीवरच्या टाकीत साचलेल्या गाळात जाड करणारे जंतू असणार. लातुरात टाकी वाटेल तेव्हा धुता येत नाही. नळ आठवड्यानं येतो, आणि भरलेलं पाणी ओतून टाकण्याएवढा वेडा माणूस या गावात अजून जन्मला नाही. टाकी तळाला गेली आणि नळ यायचा आहे, तेवढ्याच मधल्या वेळात हे काम उरकावं लागतं. नळाच्या दिवशी सकाळीच भागवतरावांनी खाजामियाँना बोलावणं धाडलं.

खाजामियाँनी गेले दोन महिने कुठलीच टाकी घेतली नव्हती. कधी कंबर दुखते म्हणायचे, कधी थंडी फार आहे म्हणायचे. आपण टाकीत मावू का, ही शंका त्यांच्या मनात होती, पण पोट ज्या कामावर चालतं ते काम आता आपल्याला जमणार नाही असं स्वतःच्या तोंडानं कोण म्हणेल? शिवाय बोलावणं ज्यांच्या घरचा शिरा रोज येतो त्यांच्याकडून होतं. ते गेले. जिना चढताना दोनदा थांबले. मग झाकण काढलं, पाय आत सोडले, श्वास रोखला आणि खाली घसरले. पाय गेले, मांड्या गेल्या, आणि पोटाशी काम थांबलं. वर जाता येईना की खाली.

त्या वेळी भागवतराव न्हाणीघरात होते. सुई टोचून बाहेर आले, तर शिल्पाताईंनी न्याहारी वाढायला घेतली होती. एवढ्यात वरून हाक आली, "साहेब, जरा वर या की. मी अडकलो हाय."

भागवतराव ताट तसंच सोडून वर धावले.

टाकीच्या तोंडातून खाजामियाँ छातीपासून वर दिसत होते, आणि दोन्ही हात टाकीवर टेकून शांतपणे बसल्यासारखे वाटत होते. भागवतरावांनी त्यांना काखेत धरून ओढलं. काही झालं नाही. बसलिंगप्पा आले, दोघांनी ओढलं. दयानंद गुरुजी आले आणि त्यांनी श्वास सोडा, मग घ्या, मग सोडा असं शिकवलं. कुणी गोडेतेल आणलं, कुणी साबणाचं पाणी. तेलानं खाजामियाँ चकचकीत झाले आणि ओढणाऱ्यांचे हात निसटायला लागले. एव्हाना गच्ची माणसांनी भरली, जिन्यावर बायकांची दाटी झाली, आणि खालून कुणीतरी ओरडून सांगितलं की नळ आला.

नळ आल्यावर माणसं जेवती ताटं सोडतात, पण त्या दिवशी कुणी हललं नाही. हुसेनबी मात्र कपाळाला हात लावून रडत होती. "ह्यांच्या अंगावर कधी मूठभर मास नव्हतं ओ," ती शिल्पाताईंना म्हणाली. "तुमच्या वाट्यांनी माझा माणूस असा झाला." शिल्पाताईंनी तिचा हात धरला आणि त्यांच्याही डोळ्यांत पाणी आलं.

आसिफ दुकान टाकून करवत घेऊन आला. टाकीचं तोंड कापू, दुसरा इलाज नाही, तो म्हणाला. म्हणजे टाकी फुकट, आज आलेलं पाणी भरायला जागा नाही, आणि नळ परत आठ दिवसांनी. भागवतराव आडवे आले. त्यांनी सगळ्यांना शांत केलं आणि टाकीला टेकून समजूत घालायला सुरुवात केली. मियाँ जाड झालेले नाहीत, ही आलटापालट आहे, जंतूंचा समतोल सांभाळला की अंग आपोआप उतरतं, तेव्हा घाई करून टाकी कापण्यात अर्थ नाही.

"म्हंजे मी हितंच बसू काय साहेब?" खाजामियाँनी विचारलं.

भागवतराव उत्तर देत होते, पण त्यांचे शब्द लांबायला लागले होते. थंडीच्या सकाळी त्यांच्या कपाळावरून घामाचे ओघळ चालले होते. हात थरथरत होते. समोरच्या माणसांची गणती लागेना. ते मध्येच आसिफवर चिडले, मग आपण कुठल्या विषयावर चिडलो ते विसरले. लोकांना वाटलं, केवढी ही माया, मियाँसाठी साहेबांचा जीव कासावीस झाला. दयानंद गुरुजींनी तर तसं म्हणूनही दाखवलं. भागवतरावांना मात्र नर्सचं बोलणं आता लख्ख आठवलं. तोंड उघडून साखर मागायची, एवढंच करायचं होतं. आजूबाजूला सगळी गल्ली उभी होती. त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले आणि टाकीला धरून खाली बसायला लागले.

गर्दी बाजूला सारत शिल्पाताई पुढं आल्या. एक क्षणभर त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, शपथ आठवली, आणि मग मोठ्यानं म्हणाल्या, "काहीतरी गोड द्या त्यांना. सकाळी इन्सुलिन टोचून तसेच उपाशी वर आलेत. साखर उतरलीय."

गच्चीवर कुणी हललं नाही. साखर आणायला जिन्यावरून खाली जायचं, तर जिना माणसांनी भरलेला, आणि जाऊन आणायची कुठून, तर सगळ्या घरांनी साखर सोडलेली. तेवढ्यात खाजामियाँनी तेलकट हात सदऱ्याच्या छातीवरच्या खिशात घातला आणि कागदात गुंडाळलेला पाकातला रव्याचा लाडू बाहेर काढला. तो सकाळी बसलिंगप्पांच्या घरच्या वाटीतून आला होता. टाकीतून वाकता येत नव्हतं म्हणून त्यांनी भागवतरावांची मानच वर ओढून घेतली आणि लाडू तोडून तोंडात घातला.

"खा साहेब," ते म्हणाले. "लाजू नक्का. मी रोजच खातो."

भागवतरावांनी लाडू खाल्ला. मग कुणीतरी, आपल्या घरात साखर कशी निघाली हे कुणी विचारणार नाही अशा बेतानं, पेलाभर साखरपाणी पुढं केलं. तेही ते प्याले. हळूहळू थरथर थांबली, डोळ्यांसमोरची माणसं आपापल्या जागी आली. मग त्यांनी मान खाली घातली. आता कट्टा संपला, मंडळ संपलं, या गल्लीत तोंड दाखवायला जागा उरली नाही, असं त्यांना वाटलं.

बसलिंगप्पा त्यांच्या शेजारी उकिडवे बसले. घसा खाकरला, बायकोकडे एकदा चोरून पाहिलं आणि आवाज अगदी खाली आणून विचारलं, "सकाळचे किती युनिट घेता?"

भागवतरावांनी मान वर केली. बसलिंगप्पांच्या मागे दयानंद गुरुजी कान देऊन उभे होते. त्यांनी आपल्याला दोन्ही वेळेला घ्यावं लागतं असं सांगितलं, पेन कुठं लपवता तेही विचारलं. सुईवाचून साखर जिंकली म्हणून भागवतरावांचा सत्कार करणारे मंडळाचे अध्यक्षही पुढं सरकले. त्यांचं तर तिसरं वर्ष चालू होतं. बायका एकमेकींकडे बघत होत्या, आणि बऱ्याच जणींच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की मेथीची पिशवी एकट्या बिरादारांच्याच फ्रिजमध्ये नाही.

पाठीमागे आसिफनं कुणाची परवानगी न घेता करवत चालवायला घेतली होती. खाजामियाँ डोळे मिटून बसले होते, हुसेनबीनं त्यांचं डोकं धरलं होतं, आणि टाकीचा प्लास्टिकचा चुरा सगळ्यांच्या अंगावर उडत होता. तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं. बसलिंगप्पांनी आपला आकडा सांगितला. गुरुजींनी आपला सांगितला. मग सगळे भागवतरावांकडे बघू लागले. त्यांनी ताठ बसून, घसा साफ करून आपला आकडा सांगितला. तो सगळ्यांत मोठा होता, आणि ते ऐकून लोकांनी माना डोलावल्यावर त्यांना जरा बरं वाटलं.